जासूदाच्या वाटा

गाव ओस का पडलं, हा प्रश्न कुठल्याही उजाड वाडीत पाय ठेवला की पहिला मनात येतो. आपल्याकडे उत्तरं साधारण ठरलेली असतात. धरण आलं, पाणी आटलं, पोरं मुंबईला गेली. आरादेनात मिळालेलं उत्तर वेगळं होतं, आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

आरादेना हे क्रीट बेटाच्या दक्षिण अंगाला, स्फाकिया नावाच्या मुलखातलं डोंगरावरचं गाव. क्रीट म्हणजे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट, पूर्व-पश्चिम साधारण 260 किलोमीटर लांब आणि बहुतेक सगळं डोंगरांनी भरलेलं. पश्चिमेकडची रांग म्हणजे लेफ्का ओरी, पांढरे डोंगर. चुनखडीचे आहेत आणि उन्हात खरोखरच पांढरे दिसतात. त्यातलं पाख्नेस हे शिखर 2453 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटरने उंच. आणि एवढी उंची थेट समुद्रातून उठलेली! या रांगेच्या दक्षिण उतारावर स्फाकियाची गावं चिकटलेली आहेत.

अनोपोली गावातून सकाळी निघालो. आरादेनाकडे जाणारा डांबरी रस्ता आहे आणि मध्ये आडवी येणारी खोल घळ ओलांडायला लोखंडी पूल आहे. पुलावर लाकडी फळ्या आहेत, त्यामुळे गाडी गेली की सगळी घळ खडखडते. हा पूल 1986 सालचा. त्याआधी पलीकडे जायचं तर घळीत उतरायचं आणि पुन्हा चढायचं, एवढाच मार्ग होता. ती जुनी वाट अजून शाबूत आहे. मी तिनेच गेलो. कड्याच्या अंगाला दगड रचून केलेली, फरसबंदी, नागमोडी वाट. एका वळणावरून खालचं वळण बरोबर पायाखाली दिसतं. अशा वाटेला तिकडे 'कल्देरिमी' म्हणतात. शब्द मूळचा तुर्की, वाट खेचरांसाठी बांधलेली. नाणेघाट उतरलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. पायाला ती आपोआप कळते.

वर आलो तर समोर आरादेना. छप्पर नसलेली दगडी घरं, अंगणात वाढलेली अंजिराची झाडं, कड्याच्या टोकाला मायकेल देवदूताचं जुनं बायझंटाईन चर्च. मेंढ्या चोरल्याचा संशय असलेल्या माणसाला पूर्वी या चर्चमध्ये आणून शपथ घ्यायला लावत, असं सांगतात. माणूस मात्र कुणी दिसला नाही. अनोपोलीत आदल्या रात्री कॉफीच्या दुकानात मी विचारलं होतं, की गाव का सोडलं? दुकानदाराने हाताने फक्त बंदूक झाडल्याची खूण केली. मग म्हणाला, "वैर."

महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत गावातल्या घराण्यांत वैर पेटलं. सुरुवात एका जनावराच्या गळ्यातल्या घंटेवरून झाली म्हणे. खुनाला खून, मग त्याला खून. शेवटी उरलेल्यांनी गावच सोडलं. ज्या गावाला समुद्री चाचे, व्हेनिसचे सरदार आणि तुर्कांचं सैन्य हलवू शकलं नाही, ते एका घंटेने रिकामं केलं.

भाऊबंदकी आपल्यालाही काही नवीन नाही. पण सूड हा ज्या समाजात वारसाहक्काने पोराला मिळतो, त्या समाजाबद्दल मला त्या दिवसापासून कुतूहल लागलं. आणि मग त्याच डोंगरांतल्या एका माणसाची गोष्ट समजली. ती सांगण्यासाठीच हे सगळं लिहितोय. पण आधी थोडं त्या डोंगरांबद्दल.

*

बेट म्हटलं की आपण किनारा डोळ्यांसमोर आणतो. क्रीटच्या जुन्या माणसाला किनारा म्हणजे संकट. तिथून चाचे येत. 1538 साली ऑटोमन आरमाराचा प्रमुख बार्बारोसा याने बेटाचा किनारा लुटला. 1571 साली रेथिम्नो शहर असंच एका धाडीत जाळलं गेलं. तेराव्या शतकापासून 1669 पर्यंत बेटावर व्हेनिसचं राज्य होतं. त्यांना जहाजांवर वल्ही मारायला माणसं लागत, ती जबरदस्तीने नेत. त्यामुळे शहाणा माणूस वर डोंगरात राही. राज्यकर्त्यांनाही हे कळत होतं. पूर्वेकडच्या लासिथीच्या पठारावर बंडखोर आसरा घेतात म्हणून व्हेनिसने ते सुपीक पठार रिकामं करवलं आणि तिथे नांगर धरायला बंदी घातली. सुमारे दोनशे वर्षं!

व्हेनिसनंतर तुर्क आले. स्फाकिया त्यांना कधीच पुरता हाती लागला नाही. 1770 साली अनोपोलीचा एक श्रीमंत जहाजमालक, दास्कालोयान्निस, रशियाची मदत येईल या भरवशावर बंड करून उठला. मदत आली नाही. स्फाकियाची गावं जाळली गेली, तो स्वतः शरण गेला आणि 1771 च्या जून महिन्यात इराक्लियो शहरात त्याची जिवंतपणी कातडी सोलली. आपल्याला हे वाचताना दुसरं एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. आज हान्याच्या विमानतळाला दास्कालोयान्निसचं नाव आहे आणि अनोपोलीच्या चौकात त्याचा पुतळा आहे. त्याच चौकातून मी सकाळी निघालो होतो.

त्या बंडात बायका-पोरांना लपवलं ते सामारियाच्या घळीत. आज तीच घळ युरोपातल्या सर्वांत प्रसिद्ध चालण्याच्या वाटांपैकी एक आहे. वरच्या पठारापासून समुद्रापर्यंत 16 किलोमीटर, आणि एका ठिकाणी दोन्हीकडचे उभे कडे इतके जवळ येतात की मध्ये जेमतेम चार मीटर जागा राहते. घळीच्या पोटात सामारिया नावाचं गाव होतं. 1962 साली राष्ट्रीय उद्यान केलं तेव्हा ते उठवलं. घळीच्या तोंडाशी समुद्रकाठी अगिया रूमेली हे गाव आहे, तिथे आजही रस्ता जात नाही. बोटीने जा नाहीतर पायी.

1941 च्या मे महिन्यात ग्रीसचा राजा दुसरा जॉर्ज असाच पायी डोंगर ओलांडून अगिया रूमेलीला पोचला आणि रात्री एका ब्रिटिश युद्धनौकेतून निसटला. इथून माझी गोष्ट सुरू होते.

*

20 मे 1941. सकाळी क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर जर्मन छत्रीधारी सैनिक उतरू लागले. मुख्य लक्ष्य होतं हान्याच्या पश्चिमेचा मालेमे विमानतळ. त्याच्या डोक्यावर एक टेकडी आहे, लष्करी नकाशात तिचं नाव '107'. पहिल्या दिवशी जर्मनांची भयंकर हानी झाली. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि ग्रीक सैनिक तर होतेच. पण गावकरीही जुन्या बंदुका, कोयते, कुऱ्हाडी घेऊन धावले. तरीही टेकडी पडली, विमानतळ पडला आणि दहा-बारा दिवसांत बेट पडलं. दोस्तांचं सैन्य पांढरे डोंगर ओलांडून दक्षिणेला स्फाकियाच्या बंदरावर आलं. सुमारे बारा हजार जणांना जहाजांनी उचललं, पाचेक हजार मागे राहिले. त्यातले बरेच कैद झाले, काही डोंगरात पसार झाले.

या पसार झालेल्यांना खाऊ कोण घालणार? लपवणार कुठे? बेटाबाहेर कसं काढणार? ही कामं डोंगरातल्या गावांनी केली. पांढऱ्या डोंगरांच्या पूर्वेला आसी गोनिया नावाचं गाव आहे. 'आसी' म्हणजे तुर्कीत बंडखोर. त्या गावचा योर्गोस प्सिखुंदाकिस तेव्हा विशीत नुकताच आलेला, मेंढपाळाचा पोरगा. शाळा थोडकी. घरचं दारिद्र्य असं, की होत्या त्या चार मेंढ्याही युद्धाच्या काळात चोरीला गेल्या. त्याने आधी अडकलेल्या सैनिकांना वाटा दाखवायला सुरुवात केली. दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रेवेली मठातून त्यांना ब्रिटिश पाणबुड्या घेऊन जात. मग ब्रिटिशांचे गुप्त अधिकारी मेंढपाळांच्या वेषात डोंगरात येऊन राहिले. त्यांचे रेडिओ गुहांमध्ये असत. एका गुहेतून दुसऱ्या गुहेत निरोप न्यायचा, तर दुसरं साधन नव्हतं. योर्गोस त्यांचा जासूद झाला.

आपल्याकडे शिवकाळात 'जासूद' हा शब्द होता. निरोप्याही तोच आणि हेरही तोच. योर्गोसच्या कामाला इंग्रजीत 'रनर' म्हटलं गेलं, पण मला आपलाच शब्द जास्त बरोबर वाटतो. कपड्यांत चिठ्ठ्या लपवून, फाटक्या बुटांनी, बहुतेक रात्री, चौक्या टाळून तो पांढरे डोंगर आडवे-उभे पार करी. कधी पाठीवर रेडिओचं सामान. मेंढपाळांच्या त्या वाटा, आपण ज्यांना ढोरवाटा म्हणतो, त्या जर्मनांच्या नकाशात नव्हत्या. पाऊस आला तर 'मितातो'त शिरायचं. मितातो म्हणजे चुना-माती न लावता नुसते दगड रचून केलेली मेंढपाळांची गोल खोपी. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर मेंढ्या नेल्या की तिथे चीज करतात.

मी त्या भागात चार दिवस चाललो. पाण्याच्या बाटल्या, चांगले बूट, ठिकठिकाणी ई-4 या लांब पायवाटेचे पिवळे-काळे खांब. तरीही चुनखडीच्या त्या धारदार दगडांवर दिवसाला जेमतेम पंधरा किलोमीटर व्हायचे, आणि संध्याकाळी गुडघे बोलायला लागायचे. हेच रात्री, उपाशीपोटी, पकडलं तर गोळी हे माहीत असताना!

*

वाटांची ही बाजू सांगायला छान वाटते. दुसरी बाजू सांगितली नाही तर मात्र खोटेपणा होईल.

गावकऱ्यांनी शस्त्र धरलं याचा बदला म्हणून 2 जून 1941 रोजी कोन्दोमारी गावातल्या पुरुषांना जैतुनाच्या बागेत उभं करून गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कांदानोस गाव समूळ नष्ट केलं. सुमारे 180 माणसं मारली आणि 'इथे कांदानोस होतं' अशा अर्थाच्या पाट्या लावल्या. 1943 साली पांढऱ्या डोंगरांतलं कुस्तोयेराको जाळलं.

26 एप्रिल 1944 च्या रात्री पॅट्रिक ली फर्मर आणि स्टॅनली मॉस या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी क्रीटच्या साथीदारांना घेऊन जर्मन जनरल क्राइपेलाच पळवलं. त्याच्याच मोटारीतून, चौक्यांमागून चौक्या पार करून! मग मोटार सोडून अनोया गावावरून, प्सिलोरितिस पर्वतावरून, मेंढपाळांच्या वाटांनी अठरा दिवसांनी दक्षिण किनारा गाठला आणि जनरलला इजिप्तला नेलं. या पराक्रमावर पुस्तक निघालं, सिनेमा निघाला. पण त्याच वर्षी 13 ऑगस्टला जनरल म्युलरने अनोया जमीनदोस्त करण्याचा हुकूम काढला. त्यात दिलेल्या कारणांमध्ये क्राइपेला या गावातून नेलं, हेही एक होतं. गावात आणि भोवतालच्या एक किलोमीटरात सापडेल त्या पुरुषाला मारायचं होतं. बहुतेक पुरुष आधीच डोंगरात गेले होते. गाव मात्र तीन आठवडे घर-घर करून पाडलं.

अनोयाच्या एका घराच्या ओट्यावर बसून मी याचा विचार केला आहे. वाट दाखवली म्हणून घर गेलं. दाखवावी की नाही, हे ठरवायचा हक्क कुणाला? वाट दाखवणाऱ्याला, की ज्याचं घर जाणार त्याला? गावातली माणसं क्राइपेची गोष्ट आजही अभिमानाने सांगतात. त्यांच्यापुढे मी हा प्रश्न तोंडातून काढला नाही. मला तो विचारायचा अधिकार आहे असं वाटलं नाही.

*

युद्ध संपलं. ब्रिटिशांनी योर्गोसला पदक दिलं. आणि त्याच्याच देशाच्या सरकारने त्याला सैन्यातून पळालेला म्हणून पकडलं! डोंगरात जे केलं त्याची सरकारी कागदांत नोंद नव्हती. जवळजवळ सोळा महिने तो कोठडीत होता. सुटल्यावर ग्रीसच्या यादवी युद्धात लढायला पाठवला. परत आला तेव्हा हातात काही नव्हतं. कोळसा पाडणं, मोलमजुरी, मिळेल ते काम. आणि या सगळ्यात वह्यांमध्ये तो आपली हकीकत लिहीत होता. जुना साथीदार ली फर्मर भेटला तेव्हा त्याने त्या वह्या वाचल्या आणि इंग्रजीत आणल्या. 1955 साली 'द क्रीटन रनर' या नावाने पुस्तक छापलं गेलं. महायुद्धावर सेनापतींनी लिहिलेली पुस्तकं रग्गड आहेत. निरोप्याने लिहिलेली किती असतील?

तो तिथेही थांबला नाही. क्रीटच्या मेंढपाळांना 'एरोतोक्रितोस' हे सतराव्या शतकातलं सुमारे दहा हजार ओळींचं काव्य तोंडपाठ असे. जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्यांना असायच्या तसं. त्या काव्याच्या छंदात आणि आपल्या बोलीत योर्गोसने होमरचं 'ओडिसी' आणि 'इलियड' उतरवलं. शाळेचं तोंड थोडंच पाहिलेल्या माणसाने! अथेन्सच्या अकादमीने त्याचा सन्मान केला.

पण पोट होमरवर भरत नाही. पोटासाठी त्याने जी नोकरी धरली ती ऐकून मी पुस्तक मिटून बाहेर फिरून आलो होतो.

मालेमेच्या त्याच 107 टेकडीवर जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. त्यांचे अवशेष बेटभरातून गोळा करून बरीच वर्षं एका मठात ठेवले होते. 1974 साली दफनभूमी तयार झाली. तिथे 4465 जण आहेत. ती राखायला दोन माणसं नेमली. एक योर्गोस प्सिखुंदाकिस. दुसरा मानोलिस पातेराकिस, जनरल क्राइपेला पळवणाऱ्या टोळीतला. जाळलेलं कुस्तोयेराको हे त्याचंच गाव.

*

प्रवासाच्या शेवटच्या दिवशी मालेमेला गेलो. टेकडीवर जैतुनाची झाडं, खाली विमानतळाची पट्टी, पलीकडे निळा समुद्र. जमिनीलगत सपाट दगड, त्यांवर नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख. रांगांमधून चालताना मी वयं मोजत होतो. एकोणीस, वीस, बावीस. मग लक्षात आलं की मृत्यूची तारीख सारखी तीच ती येतेय. 20 मे 1941. पुन्हा 20 मे. 21 मे. म्हणजे ही पोरं आकाशातून उतरली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेली. कांदानोस जळलं 3 जूनला. या दगडांखालच्या बहुतेकांना कुठलंही गाव जाळायला वेळच मिळाला नव्हता.

बाहेरून आलेल्या मला हे एका सकाळी दिसलं. वर्षानुवर्षं ते दगड पुसणाऱ्या, त्यांच्यामधलं गवत काढणाऱ्या माणसाला दिसलं नसेल? त्याने ते तसं लिहिलेलं मी कुठे वाचलेलं नाही, त्यामुळे त्याच्या तोंडी काही घालणार नाही. पगाराची नोकरी होती, घरात खाणारी तोंडं होती, हेही तितकंच खरं. क्षमा वगैरे मोठे शब्द वापरायला मी बिचकतो. शिवाय तिथे फक्त ती पोरं नाहीत. बेटाचा एके काळचा लष्करी प्रमुख जनरल ब्राउअर, ज्याला 1947 साली अथेन्समध्ये बरोबर 20 मे रोजीच गोळ्या घातल्या, त्याचेही अवशेष पुढे इथेच आणून पुरले. त्याचाही दगड रांगेतल्या इतर दगडांसारखाच आहे. तोही कुणीतरी पुसतंच.

योर्गोस 2006 च्या जानेवारीत हान्यात वारला.

आसी गोनियात 23 एप्रिलला, सेंट जॉर्जच्या म्हणजे योर्गोसच्याच नावाच्या संताच्या दिवशी, डोंगरातले मेंढपाळ आपापले कळप चर्चपाशी आणतात. धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतो, मेंढ्या तिथेच पिळतात आणि दूध येईल त्याला फुकट वाटतात. ओळख विचारत नाहीत. शेकडो घंटांचा आवाज होतो म्हणे. मी पोचलो तेव्हा मे उजाडला होता, त्यामुळे तो हुकला. पण आरादेना आठवलं की आता मला घंटांचा हा दुसराही आवाज आठवतो, न ऐकलेला.

परतीच्या विमानाला अजून तीन तास होते. दफनभूमीच्या फाटकाशी एक माणूस रबरी नळीने झाडांना पाणी घालत होता. मी बाटली पुढे केली. त्याने भरून दिली, आणि मी निघालो.